जुनी झेन: टाकी फुल्ल केली की गाडीत पेट्रोलचा वास, शोधायला कुठून सुरुवात करू?

खंबाटकीचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. गाडी झेन, २००३ ची, पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरची नाही, इंजेक्शनची. बाबांची गाडी, पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू करून चालवतोय, रोज नाही पण पुणे-वाई चालू असतं. उन्हाळ्यापासून गाडीत पेट्रोलचा वास येतोय. कायम येत नाही हीच गंमत आहे. टाकी फुल्ल केली की नुसता भपकारा, मग जसजसं पेट्रोल कमी होतं तसा वास कमी होतो आणि अर्ध्या टाकीला जवळजवळ नसतोच. मागच्या सीटवर जास्त येतो, आई मागे बसते तर खंबाटकी चढेपर्यंत तिचं डोकं धरतं. पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. ॲव्हरेज नेहमीचंच, पिकअप ठीक, चेक इंजिनचा दिवा कधी लागला नाही. गॅरेजवाल्याने इंजेक्टर क्लीन केले, टाकीचं झाकण नवीन लावलं, वास आहे तिथेच. आता म्हणतो टाकीच बदलू. टाकी बदलायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

कल्याणकर
ई२० भाऊ, दुसरं काय. २००३ च्या गाडीत वीस टक्के इथेनॉल घालणार तर रबर राहणारे का. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीचे सगळे पाईप गेले. प्रीमियम टाकून बघा.

तेलकट_हात
प्रीमियम टाकून फुटका पाईप सांधत नाही ओ कल्याणकर 😄

पाहुण्या, टाकीबिकी काही बदलू नकोस अजून. पेट्रोलचा वास म्हटलं की लोक डायरेक्ट पार्ट बदलायला लागतात, पण वास येतो केव्हा हे आधी विचारायचं असतं, तिथंच निम्मं काम होतंय.

सकाळी थंड गाडी चालू केल्याबरोबर बॉनेटकडनं वास आला आणि गाडी तापल्यावर गेला, तर इंजेक्टरची ओ-रिंग नाहीतर रेलवरच्या (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवरच्या) होजची क्लिप. जुनं रबर गारठ्यात आखडतं, पंपानं प्रेशर दिलं की झिरपतं, आणि तापलं की फुगून परत बसतं, म्हणून माणसाला वाटतं गेला वास. ती लाईन साधारण तीन बार प्रेशरची असते आणि शेजारी तापलेलं इंजिन, त्यामुळं तिथं ओलं दिसलं तर गाडी जिथं आहे तिथंच ठेवायची. गाडी तापून आली, बंद केली आणि थोड्या वेळानं वास सुटला तर कॅनिस्टर (टाकीची वाफ साठवणारा कोळशाचा डबा) किंवा पर्ज व्हॉल्व्ह (ती वाफ इंजिनात सोडणारा) यांच्याकडचं काहीतरी, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर बाऊलमधलं पेट्रोल उकळून वाफ होतंय. एसी बाहेरच्या हवेवर ठेवला की वास आणि आतल्या हवेवर ठेवला की नाही, तर बॉनेटखालचा आहे. मागची काच थोडी उघडी ठेवून चालवताना वास येतो आणि डोळे चुरचुरतात, तर ते पेट्रोल नव्हेच, सायलेन्सरचा धूर मागनं आत ओढला जातोय, डिकीचं रबर बघायचं.

आता तुझं. फुल्ल टाकीला येतो, अर्ध्या टाकीला नाही, मागं जास्त, घाटात जास्त. हे टाकीच्या वरच्या अंगाचं दुखणं आहे भावा. वरच्या अंगाला असतं काय, तर पंप आणि काट्याचं युनिट टाकीवर बसतं तिथलं पॅकिंग, ब्रीदरचा म्हणजे टाकीतल्या हवेच्या वाटेचा बारीक होज आणि झाकणापासून टाकीपर्यंत येणारा फिलरचा जाड होज. पेट्रोलची पातळी त्या जोडापर्यंत असली की तिथनं येतं, खाली उतरली की बंद. पुण्याकडनं खंबाटकी चढताना नाक वर, पेट्रोल सगळं मागं सरकतं, म्हणून आईला तिथंच त्रास होतो. आणि खाली थेंब नाही म्हणजे लीक नाही असं धरू नको, एवढंसं झिरपलेलं पेट्रोल फरशीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच उडून जातंय.

माझा संशय फिलर होजवर. नवीन असताना लावलेला असतो, मागच्या चाकाजवळचा चिखलपाणी खात असतो आणि वीस वर्षांत कुणी त्याच्याकडं बघितलेलं नसतं.

खंबाटकीचा_पाहुणा
दादा, तुम्ही लिहिलेलं तंतोतंत जुळतंय, एसीचं पण बघितलं, आतली हवा केली तरी वास राहतो, म्हणजे बॉनेटचा नाही. मग झाकण बदललं त्याचा काहीच उपयोग नाही का?

तेलकट_हात
झाकण हे पण एक कारण असतं पण ते सगळ्यात स्वस्त म्हणून सगळे तिथनंच सुरू करतात. झाकणाची किंमत त्यातल्या व्हॉल्व्हची असते. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा आत घ्यायला लागते, वाफ मात्र बाहेर सोडायची नाही, अशी ती व्यवस्था. लोकल झाकणात कधी व्हॉल्व्हच नसतो तर कधी बसत नाही. झाकण उघडताना जरासा फुस्स आवाज येणं नॉर्मल. पण जोरात हवा आत ओढली जात असेल तर ब्रीदिंग चोकअप आहे, अशानं पत्र्याची टाकी आत चेपलेली मी बघितलीय.

निळी_जिप्सी
नाशिकहून. माझ्या जिप्सीचं अगदी हेच दुखणं होतं आणि मी घरीच शोधलं, सांगते कसं ते. आधी टाकी ऑटो कटपर्यंत भरायची, कारण लक्षण फुल्ल टाकीला दिसतं तर तपासणी पण फुल्ल टाकीलाच करायची, दुरुस्ती मात्र टाकी रिकामी होत आल्यावर. गाडी उघड्यावर. फिलरच्या बाजूचं मागचं चाक काढायचं, जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडी (जॅक स्टँड) लावायची, आत मडगार्डचं कव्हर असेल तर ते काढायचं. मग फिलरचा होज दिसतो. आधी ब्रशने सगळा वाळलेला चिखल झाडायचा कारण त्या चिखलातच ओल लपते. आणि मग दोन्ही टोकांच्या क्लिपांभोवती, होजच्या खालच्या अंगाला, ब्रीदरच्या जोडावर टाल्कम पावडर मारायची, घरातली कुठलीही, आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी जिथून झिरपतंय तिथली पावडर भिजून गडद झालेली दिसते किंवा ओलीची रेघ उमटलेली असते. माझ्याकडे वरच्या क्लिपला काहीच नव्हतं, खालच्या जोडाखाली बरोबर चंद्रकोर उमटली होती.

आणखी एक, वास घ्यायला स्वतःवर विसंबू नका. पेट्रोलच्या वासात काही मिनिटं थांबलं की नाक मरतं, आपल्याला वाटतं वास गेला. मी भाचीला बोलवायचे, ती दूर उभी राहायची आणि मग एकदम जवळ येऊन सांगायची इथे जास्त, तिथे कमी.

हौशी_मिस्त्री
स्मोक टेस्ट करा ना. यूट्यूबवर बघितलं, टाकीच्या नळीतून धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. मशीन नसेल तर अगरबत्तीचा धूर फुंकणीने सोडला तरी चालेल असं मला वाटतं.

तेलकट_हात
अजिबात नाही. असलं इथं लिहू पण नका, कुणीतरी खरंच करंल.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेटते, आणि पेट्रोल उणे चाळीस डिग्रीला सुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं. टाकीत पेट्रोल भरपूर असताना आतली वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही, पण तुम्ही हवा फुंकून ती पातळ करून देणार आणि सोबत निखारा पण देणार. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, वर जात नाही, जमिनीलगत सरकत जाते, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात, बेसमेंटच्या कोपऱ्यात साठते, आणि तिकडं लांब कुणीतरी पाण्याच्या पंपाचं बटण दाबतो, ठिणगी तिथनं मिळते.

खऱ्या स्मोक मशीनमध्ये धूर बाहेर तयार होतो, निखारा टाकीपर्यंत येत नाही, आणि पेट्रोलच्या टाकीसाठी हवेऐवजी नायट्रोजन वापरतात. प्रेशर पण अगदी कमी, एक पीएसआयच्या सुद्धा खाली. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावला तर टाकीचा फुगा होईल. ज्या गॅरेजात मशीन आहे तिथं जाऊन करून घ्या, नाहीतर ताईंनी सांगितलेली पावडर बेस्ट.

हौशी_मिस्त्री
ओके ओके 🙏 अगरबत्ती देवापुढेच.

मिशिगनचा_मावळा
इकडे अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे गाडीची स्वतःची तपासयंत्रणा, असते आणि नव्वदच्या दशकाअखेरपासून गाडी स्वतःच टाकीची वाफगळती पण तपासते, झाकण नीट बसलं नाही तरी चेक इंजिन लागतो, पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे छोटी. कॅलिफोर्नियात वाफ पकडायची सक्ती १९७० च्या मॉडेलपासून आहे. सांगायचा मुद्दा, तुमच्या २००३ च्या गाडीत कोळशाचा कॅनिस्टर असेल पण तो गळतोय का हे तपासणारी यंत्रणा नाही, त्यामुळे दिवा लागला नाही यावरून काहीच निष्कर्ष काढू नका.

रसायनीकर
इथेनॉलबद्दल थोडं, कारण प्रत्येक धाग्यात एक बाजू म्हणते सगळं त्यानंच झालं आणि दुसरी म्हणते काहीच होत नाही.

जुन्या गाड्यांत नायट्राईल रबराचे होज. इथेनॉल त्यात शिरतं, रबर फुगतं, आतले मऊपणा देणारे घटक धुऊन निघतात, आणि मग गाडी बरेच दिवस उभी राहिली, रबर वाळलं, की ते आखडतं आणि तडकतं. म्हणजे रोज चालणाऱ्यापेक्षा महिनोन्महिने उभ्या गाडीला त्रास जास्त. शिवाय होज शाबूत असला तरी इथेनॉलमिश्रित पेट्रोल रबराच्या अंगातून जास्त पाझरतं, त्याचा पण वास येतो. देशभर दहा टक्क्यांचं मिश्रण २०२२ मध्ये गाठलं आणि त्यानंतर तीन वर्षांत वीसवर गेलो, २००३ ची गाडी बनवताना हे कुणाच्या डोक्यात असणं शक्य नव्हतं. पण वीस वर्षांचा रबरी होज इथेनॉल नसतं तरी गेलाच असता, दोन-चार वर्षं उशिरा.

वाफेबद्दल एक गैरसमज: इथेनॉल जितकं जास्त तितकी वाफ जास्त असं नसतं. दहा टक्क्यांच्या आसपास वाफेचा दाब सगळ्यात वर जातो, वीसला किंचित उतरतो.

होज घेताना त्याच्या अंगावर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर७ म्हणजे कमी दाबाचा, कार्ब्युरेटरच्या लाईनला आणि वाफेच्या नळ्यांना. आर९ म्हणजे इंजेक्शनच्या दाबाचा, आतून फ्लोरोरबराचं अस्तर, इथेनॉलला जास्त टिकतो. पण आर९ टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवायचा नाही, बाहेरचं कवच त्यासाठी नसतं, आत लावायला आर१० वेगळा. नुसता "पेट्रोल पाईप" म्हणून मीटरवर मिळणारी पारदर्शक नळी यातलं काहीच नसते.

कल्याणकर
म्हणजे मी निम्मा बरोबर 😎

सीएनजी_काका
आमच्याकडे सीएनजी किट आहे, पेट्रोलवर गाडी फक्त स्टार्ट होते. आम्हाला पण लागू आहे का हे?

तेलकट_हात
काका, तुम्हाला जास्तच. तुमचं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडून असतं, आणि बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असताना पेट्रोलचा पंप पण चालूच असतो. आधी वास नक्की कशाचा ते ठरवा. गॅसला मुद्दाम कुजक्यासारखा वास घातलेला असतो, तो पेट्रोलसारखा नसतो. तसला वास असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून किटवाल्याकडंच, घरी काही करायचं नाही. सिलिंडरची हायड्रोटेस्ट दर तीन वर्षांनी असते, तारीख बघितली का?

सीएनजी_काका
बघतो. प्लेट कुठे लावलीय तेच आठवत नाहीये.

पद्मिनीवाला
गिरगाव. झेनचा विषय आहे माहितीय पण कार्ब्युरेटरवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे वासाची कारणंच वेगळी. फ्लोटची सुई घासली की बाऊल भरून वाहतो, पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडतं, एअर फिल्टर काढून वरून बघितलं की गळ्यात ओलं दिसतं. ते लगेच सापडतं. दगा देतो तो एसी पंप, नाव एसी पण एअर कंडिशनशी संबंध नाही, इंजिनला बसवलेला मेकॅनिकल पेट्रोल पंप. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल आतून थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. बाहेर थेंब नाही, फक्त वास. मग डिपस्टिक काढायची, ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असते, आणि बोटावर घेतलं तर पातळ आणि पेट्रोलचा वास. लोक खूष होतात की आपली गाडी ऑइल खात नाही! अशी गाडी चालवली तर बेअरिंग जातात आणि क्रँककेसमध्ये वाफ भरलेली असते ती वेगळीच. डायफ्रामचा किट घ्या, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, नुसता किट टाकून तेच ऑइल ठेवू नका.

मिऱ्या_बंदर
रत्नागिरीकर. आमच्या खाऱ्या हवेत होजच्या आधी पत्रा जातो. फिलरचा लोखंडी नळ रंगाखालून गंजतो, बाहेरून चकाचक आणि बोट दाबलं की पापुद्रा. टाकीच्या डोक्यावर पावसाळ्यात माती बसते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओलीच, तिथे टाचणीएवढी भोकं पडतात. टाकी उतरवलीच तर वरची बाजू बघूनच परत चढवा. आणि कुणी म्हणालं की टाकी रिकामी केलीय आता झाळून देतो, तर तिथून निघा. रिकाम्या टाकीतच पेटायला लागेल तेवढी वाफ आणि तेवढीच हवा असते. हे काम ज्याचं रोजचं आहे, जो टाकी धुऊन वाफ पूर्ण काढून मगच हात लावतो, त्यालाच द्यायचं.

खंबाटकीचा_पाहुणा
मंडळी, सापडलं!! निळी जिप्सी ताईंची पावडर आणि दादांचा अंदाज दोन्ही बरोबर.

शनिवारी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत चाक काढलं, कव्हर काढलं, आत तळहातभर जाडीचा वाळलेला चिखल होता, तो झाडल्यावर होज दिसला. वरून बघितला तर एकदम व्यवस्थित, काळा, थोडा भुरकट, कुणीही म्हणेल चांगला आहे. पावडर मारून ठेवली आणि सकाळी खालच्या क्लिपच्या मागे बोटभर लांबीचा भिजलेला पट्टा. मग टाकी रिकामी होऊ दिली, काट्याच्या तळाला आल्यावर होज काढला आणि हातात घेऊन वाकवला तर खालच्या अंगाला भेगाच भेगा, नुसतं बघितलं तर मिटलेल्या असतात, अंगठ्याने दाबलं की उघडतात आणि आतला धाग्याचा थर दिसतो. जुनी क्लिप रबरात रुतली होती, तिच्या भोकांच्या कडांनी रबर कापलं होतं. शेजारचा ब्रीदरचा होज तर वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, काढताना तुकडेच झाले.

नाना पेठेत गेलो, पहिल्या दुकानात म्हणाला हा साईझ रेडिएटरच्या होजचा पण येतो, तोच कापून देतो, फरक काही नाही. रसायनीकर, घ्यावा का? स्वस्त आहे.

रसायनीकर
नको!! रेडिएटरचा होज ईपीडीएम रबराचा. ते रबर गरम पाण्याला आणि कूलंटला उत्तम आणि पेट्रोलला एकदम बेकार, पेट्रोल लागलं की फुगून लिबलिबीत होतं. फिलरचा म्हणून मोल्डेड होजच मागा, गाडीचं मॉडेल सांगून. नाही मिळाला तर पेट्रोलसाठीचाच सरळ होज त्या व्यासाचा.

तेलकट_हात
आणि क्लिप गुळगुळीत कडांची घे, जिच्या पट्टीला आरपार भोकं नसतात ती. बसवताना रबराला ग्रीस नको, होजचं तोंड घालायच्या आधी नळाच्या टोकावरचा गंज पॉलिश पेपरनं काढ, खडबडीत राहिलं तर नवा होज पण तिथनंच झिरपणार. सिलिकॉनचा थर देऊ नको, साधा आरटीव्ही पेट्रोलमध्ये टिकत नाही, सुटून त्याचे तुकडे टाकीत जातात आणि मग पंपाची जाळी चोक. एम-सीलचं पण तेच, वाटेत अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक. क्लिप पण ताकद लावून पिळायची नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच काम कर, उजेडाला एलईडी टॉर्च, जुना पिवळा बल्ब लोंबकळवू नको. आणि पावडरीचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, गाडीत ठेवायचा नाही, बाहेर हाताशी.

खंबाटकीचा_पाहुणा
मोल्डेड होज मिळाला, दुसऱ्या दुकानात. ब्रीदरचा पण. दोन्ही होज आणि चार क्लिपा मिळून टाकीच्या कोटेशनच्या पासंगालाही नाही. कालच ऑटो कटपर्यंत भरून वाईला जाऊन आलो, आई मागे झोपून गेली, मागचा वास शून्य.

पण आता एक बारीक गोष्ट. मागचा भपकारा गेल्यावर लक्षात आलं की घरी येऊन गाडी लावली आणि दहा-पंधरा मिनिटांनी बॉनेटजवळून गेलं तर हलका वास असतो. चालवताना आत अजिबात नाही. हा आधीपासूनच असणार, मोठ्या वासात कळत नव्हता बहुतेक.

तेलकट_हात
हे वेगळं दुखणं. गाडी तापून उभी राहिल्यावरचा वास म्हणजे कॅनिस्टर. टाकीतली वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात, आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनात ओढून जाळतात. डबा रिकामा होत नसला किंवा मधली नळी फाटली की वाफ बाहेर. काळ्या प्लास्टिकचा डबा शोध, त्यातनं निघालेल्या नळ्या हातानं चाचपत जा, कोपऱ्यावर जिथं वळतात तिथं विशेष.

आयडल कसं आहे? वरखाली होतं का?

खंबाटकीचा_पाहुणा
नाही, आयडल एकदम स्थिर.

तेलकट_हात
मग व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्डपर्यंतची नळी बहुतेक चांगली आहे, ती फाटली असती तर इंजिनानं फुकटची हवा ओढून आयडल नाचवलं असतं. डब्यापासून व्हॉल्व्हपर्यंतची बघ. व्हॉल्व्ह पण तपास, इंजिन बंद असताना काढून फुंकला तर हवा जायला नको, बारा व्होल्ट दिल्यावर टक वाजून हवा जायला हवी. हे टाकीपासून लांब बाकावर कर. तोंडानं फुंकायचं नसेल तर नळी लावून सायकलच्या पंपानं. आणि डबा काढून हलव, आत पेट्रोल डुचमळत असेल तर गेला तो.

पेट्रोल पंपावर राऊंड फिगर करतोस का?

खंबाटकीचा_पाहुणा
बाबा करायचे. ऑटो कट झालं की "दोन हजार पूर्ण कर" ठरलेलं.

तेलकट_हात
डब्यांची वाट लागते ती त्यानंच. ऑटो कटनंतर वर जी जागा राहते ती वाफेसाठी ठेवलेली असते. तिथं पेट्रोल घातलं की वाफेच्या नळीतनं पातळ पेट्रोलच डब्यात जातं, आणि भिजलेला कोळसा सहसा पूर्वीसारखा होत नाही. तो दर उन्हाळ्यात फिरणारा "फुल्ल टाकी करू नका, स्फोट होईल" मेसेज मात्र खोटा हां, ऑटो कटपर्यंत बिनधास्त भरा.

निळी_जिप्सी
राऊंड फिगरसाठी नोझल हलवून हलवून घालणाऱ्यांना थांबवताना माझं दरवेळी भांडण होतं. आता यूपीआयने जेवढे होतील तेवढे देते, सुट्ट्या पैशांचा प्रश्नच नाही.

खंबाटकीचा_पाहुणा
डबा हलवला, आवाज नाही, कोरडा वाटतो. व्हॉल्व्ह टक वाजतो, बंद असताना हवा सोडत नाही. आणि डब्यापासून व्हॉल्व्हकडे येणारी नळी, बरोबर वळणावर, खालच्या बाजूने उभी चिरलेली. बॅटरीच्या बाजूने दिसतच नव्हती, आरशाने बघितली. आर७ ची नळी आणून टाकली. आता नुसता तापून लावल्यावर वास येतो का ते बघतोय, डब्यात साठलेली वाफ जळून जायला थोडं चालवावं लागेल ना?

तेलकट_हात
हो, हायवेला एक-दोन चकरा होऊ देत. आणि फिलरच्या दोन्ही क्लिपा आठवड्याभरानं परत एकदा तपास, नवं रबर दबून बसतं आणि क्लिप थोडी सैल पडते. रबर बाहेर फुगेल इतकी आवळू नको.

मी_नवीनच
सगळा धागा वाचला, भारी माहिती. माझी सँट्रो आहे जुनी, मला सकाळी चालू केल्या केल्या बॉनेटकडून वास येतो आणि ऑफिसला पोचेपर्यंत जातो. मागे काही नाही. ही पण फिलर होज असेल का? उद्या सकाळी चालू करून व्हिडिओ काढून टाकू का?

तेलकट_हात
व्हिडिओ नको, चालूच करू नको. तुझं प्रेशर लाईनचं दिसतंय. बॉनेट उघडून उजेडात रेल आणि इंजेक्टरांच्या बुडाशी ओलं आहे का ते बघ, हात लावू नको, फोटो टाक. ओलं असेल तर मिस्त्रीलाच घरी बोलव, गाडी त्याच्याकडं चालवत नेऊ नको.